शाबूत फूल

गन शोमध्ये जपानी रायफल हातात आली की माझा अंगठा आपसूक चेंबरच्या वर जातो. तिथे पोलादात एक फूल कोरलेलं असतं. सोळा पाकळ्यांची शेवंती, जपानच्या सम्राटाची मुद्रा. फूल शाबूत असेल तर पाकळ्यांच्या कडा अंगठ्याला हलक्याशा लागतात. घासलेलं असेल तर नुसता खरखरीत, थंड खळगा. टेबलामागचा माणूस माझ्या अंगठ्याकडे बघत असतो. पुढचा भाव त्यावर ठरणार, हे त्यालाही ठाऊक असतं.

ज्यांना या छंदाचा गंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1945 च्या ऑगस्टमध्ये जपान शरण आला आणि रायफलींचे ढीग जमा झाले. त्यांतल्या पुष्कळांवरची शेवंती घासून काढलेली होती, सम्राटाची खूण शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून. घरी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी त्या ढिगांतून एकेक रायफल उचलली. पण लढाई चालू असताना, बेटांवर, जंगलात, खंदकात ज्या हाती लागल्या त्यांवरचं फूल घासायला कुणाला सवड होती? नियम काही पक्का नाही, अपवाद आहेत. तरी बाजार त्यावरच चालतो: घासलेलं फूल म्हणजे शरणागतीनंतरची, शाबूत फूल म्हणजे रणांगणावरची. आणि जपानी शिपाई जीव असेतो सहसा रायफल सोडत नसे. मग शाबूत फुलाचे जे जास्तीचे पैसे मी मोजतो, ते नेमके कशाचे?

हा प्रश्न मला पडायला तीस वर्षं लागली. पडला तेव्हाही मी बरेच दिवस त्याच्याकडे कानाडोळा केला.

मी 1981 साली ओहायोत शिकायला आलो आणि इथलाच झालो. मेकॅनिकल इंजिनिअर, सगळी नोकरी मशीन शॉपच्या आसपास गेली. पार्टीत कुणी विचारलं, ‘अहो, तुम्ही मुंगीसुद्धा मारत नाही, आणि हे कसलं वेड?’ तर माझं उत्तर तयार असे. मला यंत्र आवडतं. पुढे मी रंगून सांगत असे. 99 नमुन्याची अरिसाका घ्या. जपानी पंचांगातलं 2599 वं वर्ष, म्हणजे 1939, म्हणून 99. गोळी 7.7 मिलिमीटरची. सुरुवातीच्या रायफलींत नळीला आतून क्रोमचा मुलामा, दमट जंगलात गंज धरू नये म्हणून. मागच्या साइटला दोन बाजूंना उघडणारे छोटे पंख, का, तर उडत्या विमानावर नेम धरताना त्याच्या किती पुढे मारायचं याचा अंदाज यावा. (त्याने विमान पडलं असेल असं मला वाटत नाही. पण ते पंख कुणीतरी कागदावर आखले, साच्यातून काढले, कानस मारून बसवले, याचं मला कौतुक.) दस्त्याचं लाकूड अख्खं नसून दोन तुकडे खाचेत बसवून केलेलं, म्हणजे लाकडाची बचत. आणि 1945 च्या सुमाराला याच नमुन्याची काय दशा झाली ते बघा: साइट ठोकून बसवलेली, दस्त्यामागची पट्टी पोलादाऐवजी लाकडाची, घडणीवर कानशीचे ओरखडे तसेच. एका देशाचा श्वास कसा संपत गेला ते यंत्रकामात वाचता येतं.

यातलं सगळं खरं आहे. तरी उत्तर खोटं. यंत्राचंच प्रेम असतं तर घासलेल्या फुलाची रायफल मला तितकीच प्रिय असती. तीच नळी, तोच बोल्ट, तेच पंख. माझ्या तळघरात आज अकरा रायफली आहेत, त्यांत जपानी सात, आणि सातांपैकी एकीवरचंही फूल घासलेलं नाही. हा योगायोग नव्हे.

1993 ची गोष्ट. आमच्या गल्लीत तीन घरं सोडून एक म्हातारे गृहस्थ राहत. सदतिसाव्या इन्फंट्री डिव्हिजनचे. ही ओहायोच्या नॅशनल गार्डचीच डिव्हिजन. जानेवारी 1945 मध्ये फिलिपाइन्सच्या लुझोन बेटावर उतरली, फेब्रुवारीत मनिलाच्या गल्ल्यांतून लढली, एप्रिलअखेर बागियोत पोचली. त्यांच्या गॅरेजमध्ये, बर्फ ओढायच्या फावड्यामागे, जुन्या चादरीत गुंडाळलेली रायफल होती. मला हे कळलं ते त्यांच्या बायकोकडून. त्या घर आवरायला काढत होत्या.

मी संध्याकाळी गेलो. चादर सोडली. अंगठा लावला. फूल शाबूत. बोल्टचा नंबर आणि रिसीव्हरचा नंबर एकच. साइटचे पंख जागच्या जागी. पट्टासुद्धा मूळचा, आणि पट्ट्यावर एका ठिकाणी तळहाताएवढा काळपट डाग. मी चेहरा कोरा ठेवला. हे मला चांगलं जमतं.

किती द्याल, म्हणाले. मी सव्वाशे डॉलर म्हटलं. अडीचशे कुठेही आले असते, हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही दिसली नाही. ती वस्तू घरातून जावी, एवढंच त्यांना हवं होतं. माणसाला ओझं टाकायचं असतं तेव्हा तो घासाघीस करत नाही. आणि मी त्याचाच फायदा घेतला. पण ही त्यातली लहान चूक.

मोठी अशी. या छंदात रायफलीइतकीच किंमत कागदाला असते. युद्धातून वस्तू घरी न्यायची तर अधिकाऱ्याच्या सहीचा परवाना लागे, तो ज्याच्याकडे उरला त्याची रायफल दुपटीने विकली जाते. परवाना हरवला असेल तर निदान आणणाऱ्याची सहीची चिठ्ठी हवी: कुठे, कधी, कशी मिळाली. त्यांच्याकडे परवाना नव्हता. मी चिठ्ठी मागितली. ते नको म्हणाले. आठवड्याने पुन्हा विचारलं, बायकोने केलेले बेसनाचे लाडू घेऊन. तेव्हाही नको. तिसऱ्या खेपेला मी मजकूर टाइप करूनच नेला. तुम्ही फक्त सही करा, म्हटलं. मजकुरात मी लिहिलं होतं की ही रायफल त्यांनी 1945 मध्ये लुझोनवर लढाईत काबीज केली.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी ते तो कागद बराच वेळ वाचत बसले. एवढ्याशा चार ओळी. फ्रिजची घरघर ऐकू येत होती. मग त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं, ‘लढाईत काबीज केली’ यावर एक सरळ रेघ मारली आणि वर लहान अक्षरांत लिहिलं: ‘सापडली’. खाली सही केली, तारीख घातली. कागद माझ्याकडे सरकवला आणि उठून मागच्या अंगणात गेले. त्यांच्या बायको म्हणाल्या, ‘आज रात्री यांना झोप नाही लागायची.’ तक्रारीचा सूर नव्हता. उद्या पाऊस आहे म्हणावं तसं.

मी हिरमुसलो. आज हे लिहिताना लाज वाटते, पण मी हिरमुसलो होतो. ‘सापडली’ या शब्दाला बाजारात काय भाव? घरी आल्यावर मी तो कागद फाइलीत तळाशी घातला आणि पुढे कित्येक वर्षं, कुणी तळघर बघायला आलं की, ती रायफल हातात देऊन सांगत राहिलो: ही लुझोनवर लढाईत काबीज केलेली, माझ्या शेजाऱ्यानेच. त्यांनी खोडलेलं वाक्य मी शब्दाशब्दाने परत जिवंत केलं. ते 1999 मध्ये वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या जेवणातही मी दोघाचौघांना हीच कथा सांगितली.

आणि तो पट्ट्यावरचा डाग. दमट हवेत चामड्यावर बुरशीचे डाग पडतात, तेलाचे पडतात, गंजलेल्या कडीचे पडतात. यांपैकी काही असणार हे इंजिनिअर म्हणून मला कळत होतं. तरी मी तो पट्टा कधी पुसला नाही. का पुसत नाही, याला माझ्याकडे संग्राहकाचं शास्त्रोक्त कारण होतं: मूळ स्थिती बिघडवू नये. पण रात्री एकटा तळघरात बसलेलो असताना मनाच्या तळाशी एक इच्छा वळवळे, की ते रक्त असावं. एवढं वाकडं मी आजवर कुणापाशी बोललो नाही.

हे एवढ्यावर थांबत नाही. ‘कशी मिळाली?’ हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा त्या म्हाताऱ्यांना विचारला असं नाही. सातारा जिल्ह्यात माझं आजोळ. आईचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. सेनिओ नदीवर 9 एप्रिल 1945 ला नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती यांचीच पलटण. आजोबा बोलत ते चिखलाबद्दल आणि थंडीबद्दल. परतताना त्यांनी आणलं काय, तर पत्र्याची ट्रंक, दोन घोंगड्या आणि एक ॲल्युमिनियमचा डबा. डबा चमत्कारिक होता, घेवड्याच्या बीसारखा एका अंगाने आत वाकलेला. आजी त्यातून शेतावर कालवण न्यायची. पुढे अमेरिकेत एका गन शोमध्ये तसाच डबा टेबलावर पाहिला तेव्हा कळलं की तो जर्मन शिपायाचा जेवणाचा डबा. आजोळच्या डब्याच्या कडीखाली ठसाही होता, लहानपणी मी तो नखाने खरवडायचो.

रायफल आणणं त्यांना शक्यच नव्हतं. गोऱ्या साहेबाच्या राज्यात 1878 च्या कायद्याने हिंदी माणसाच्या घरी परवान्याशिवाय हत्यार नको. पलटणीतून सुटताना त्यांना स्वतःचीही रायफल जमा करून यावं लागलं. अमेरिकेचा पोरगा शत्रूची बंदूक कॅनव्हासच्या पिशवीत घालून आईकडे घेऊन येत होता, आणि आमचा शिपाई ज्या हत्याराने लढला तेच जमा करून मोकळ्या हाताने आगगाडीत बसत होता. हा फरक सांगताना माझा आवाज चढतो. आपल्याही घरात एक लूट होती हे मग सोयीने विसरायला होतं.

मी सात-आठ वर्षांचा असेन. विचारलं, ‘आजोबा, किती मारले?’ आजोबा उठले आणि बैल बघायला गोठ्यात गेले. त्या डब्यातलं कालवण ते कधी खात नसत. आजी त्यांच्यासाठी वेगळ्या गडूत न्यायची. का, ते घरात कुणी विचारलं नाही, मीसुद्धा. एक म्हातारा माझ्या प्रश्नाने गोठ्यात गेला, दुसरा मागच्या अंगणात. मधल्या काळात मी पदवीधर झालो होतो, इतकाच बदल.

जर्मन रायफलींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझी लबाडी निराळी नाही, फक्त जास्त सुशिक्षित आहे. माउझर 98 के वर कारखान्याचं नाव नसतं, सांकेतिक अक्षरं असतात. ती सगळी मला तोंडपाठ. माझ्याकडच्या एकीवर ‘बीसीडी’ आहे: वायमारचा गुस्टलॉफ कारखाना. ही मी अभिमानाने दाखवायचो, नंबर सगळे जुळतात म्हणून, आणि पुढच्या पट्टीखाली लाकूड करवतीने कापलेलं आहे म्हणून. पिशवीत मावावी यासाठी सैनिकाने घाईत मारलेला हा काप. संग्राहक त्यावरून ‘खरी घरी आणलेली’ असं ओळखतात. त्या गुस्टलॉफची एक शाखा बुखेनवाल्डच्या छळछावणीला लागून होती आणि तिथे कैद्यांना रायफलींच्या कामाला जुंपलं जाई. हे काही गुपित नाही, संग्राहकांच्या जाडजूड पुस्तकांत छापलेलं असतं. मी ते वाचलं होतं. वाचून पान उलटलं आणि पुढच्या पानावर शिक्क्यांचे प्रकार बघत बसलो. ‘नंबर जुळतात’ या दोन शब्दांत मी किती सुखाने राहत होतो. ते नंबर ठोकणारा हात कुणाचा असेल, हा प्रश्न माझ्या वहीत बसत नव्हता.

वही म्हणजे खरोखरची वही. जुन्या हत्यारांच्या संग्राहकाला इथे सरकारी परवाना मिळतो, तीन वर्षांना तीस डॉलर, आणि प्रत्येक रायफलीची नोंद ठेवावी लागते: नमुना, नंबर, कुणाकडून घेतली, कधी. माझी वही अत्यंत नीटनेटकी आहे. कायद्याच्या नजरेत मी निर्मळ माणूस आहे, आणि या निर्मळपणाची मला चांगली सवय झाली होती.

ती मोडली 2025 मध्ये. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनमध्ये लिलावाला निघाल्याची बातमी आली. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती इंग्रजांकडे लुटीत गेली असावी, असं म्हणतात. महाराष्ट्र सरकारने ती विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर त्या दिवशी भगवे झेंडे आणि जयघोष. मीही लिहिलं: आपलीच वस्तू आपल्याला पैसे मोजून आणावी लागली, यांच्या पूर्वजांनी चोरी करायची आणि यांनी लिलाव! भरपूर अंगठे आले. फोन ठेवला आणि सवयीने तळघरात गेलो, रायफलींना तेल द्यायला.

बोल्टचं मागचं बोंड तळहाताच्या टाचेने दाबायचं आणि जरा फिरवायचं, ही अरिसाकाची सेफ्टी. हजारदा केलेली हालचाल. त्या रात्री शेजाऱ्यांच्या रायफलीवर हात तिथे ठेवला आणि दाबवेना. त्या बोंडावरच्या रेषा बऱ्याच गुळगुळीत झालेल्या आहेत. माझ्या हाताने त्या झिजलेल्या नाहीत; मी वर्षातून दोनदा तेल देतो. शेजाऱ्यांनी तर ती जवळजवळ पन्नास वर्षं चादरीत ठेवली. मग ज्याच्या तळहाताने त्या झिजल्या तो एकच उरतो. त्याचं वय, त्याचं गाव, काहीच ठाऊक नाही. लंडनमधला तो लिलावदार मी व्हॉट्सॲपवर सोलून काढला होता, आणि त्याचं टेबल माझ्याच तळघरात मांडलेलं होतं.

परत द्यावी म्हटलं तर कुणाला? जपानी सैनिकांच्या जवळचे झेंडे परत जातात. त्यांवर घरच्यांची, गावकऱ्यांची नावं लिहिलेली असतात, आणि ऑरेगॉनमधली ओबोन सोसायटी ती नावं वाचून कुटुंबं शोधते. माझ्या ओळखीच्या एकाने तसा झेंडा पाठवला. रायफलीवर नाव नसतं, नंबर असतो. शिवाय जपानमध्ये हत्यारांचा कायदा 1958 पासून इतका कडक की घरी कोणी ठेवूच शकणार नाही. आणि ती त्या शिपायाची होतीच कुठे, ती सम्राटाची, फूल तेच सांगतं. ही तिन्ही कारणं बिनतोड आहेत. मला ती इतकी पटकन सुचली, यावरूनच मी त्यांच्याकडे संशयाने बघतो.

दरवर्षी खंडेनवमीला मी तळघरात पाट मांडतो. पाना, व्हर्नियर, आणि मध्ये एक रायफल. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. गेल्या वर्षी झेंडू मिळाला नाही, बायकोने दुकानातून पांढरी शेवंती आणली आणि रायफलीवर ठेवली, नेमकी त्या कोरलेल्या शेवंतीशेजारी. मग थांबून तिने विचारलं, ‘ही कुणाची हो?’ मी म्हटलं, नागोया आर्सेनलची. ती म्हणाली, ‘कारखाना नाही विचारला मी.’ आणि निरांजन ओवाळून वर गेली.

त्यानंतर एवढं केलं. फाइलीतला तो कागद काढला आणि रायफलीच्या कपाटाच्या दाराला आतून लावला, खोडलेली ओळ आणि वरचं ‘सापडली’ दोन्ही दिसतील असा. आता कुणी आलं की तोच वाचायला देतो. शेजाऱ्यांच्या मुलीला फोन करून तिच्या वडिलांना निम्मेच पैसे दिल्याचं सांगितलं. ती हसली, म्हणाली, बाबांनी कुणालाही फुकट दिली असती. मी पाठवलेला चेक तिने अजून वटवलेला नाही. पट्टा तसाच आहे. पुसावा की नाही हे ठरत नाही, कारण आता पुसणं हीसुद्धा मला पुरावा मिटवण्यासारखी लबाडी वाटते.

अकराही रायफली तळघरातच आहेत. मागच्या शनिवारी इंडियानाहून एका जुन्या मित्राचा फोन आला. तिथे एका म्हाताऱ्याच्या घरच्या सामानाची विक्री लागलीय, त्यात एक 99 आहे, वडिलांनी पॅसिफिकमधून आणलेली, म्हणाला. मी म्हटलं, मी आता हे कमी केलंय. तो म्हणाला, बरं. मग फोन ठेवण्याआधी मी किंमत विचारली. आणि फूल शाबूत आहे का, तेही.